पुण्यातून थेट टेन्थ ग्रेडला: कॅलिफोर्नियात मॅथ्सचा कोर्स कुठला घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी पुण्यात सीबीएसईची नववी पास झालीये, बाबांची बदली बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) झाली आणि ऑगस्टमध्ये ती इथे टेन्थ ग्रेडला बसणार. शाळेच्या कौन्सेलर बाई म्हणाल्या की अमेरिकेतलं रेकॉर्ड नाही तर अल्जेब्रा वनपासून (हायस्कूलच्या बीजगणिताचा पहिला कोर्स) सुरू करू, काळजी नको, ग्रॅज्युएशनला दोनच वर्षं मॅथ्स लागतं. ओळखीतले मराठी लोक म्हणतात कॅल्क्युलस बीसीपर्यंत (हायस्कूलमधला वरच्या लेव्हलचा कॅल्क्युलस) नाही पोचली तर चांगलं कॉलेज विसरा. मुलीला इंजिनिअरिंग नकोय, सायकॉलॉजी किंवा डिझाईन करायचंय. आई विचारतायत, ऐकायचं कुणाचं?

ताई, मी इथल्या पब्लिक हायस्कूलमध्ये बरीच वर्षं मॅथ्स शिकवते आणि प्लेसमेंटच्या, म्हणजे कुठल्या मुलाला मॅथ्सच्या कुठल्या वर्गात बसवायचं त्या मीटिंगांमध्ये बसते, त्यामुळे तुमच्या मुलीसारखी मुलं दर ऑगस्टला बघते. आधी उत्तर सांगते, मग कारणं. अल्जेब्रा वन नको. दहावीला जॉमेट्री, अकरावीला अल्जेब्रा टू, आणि बारावीला स्टॅटिस्टिक्स किंवा प्रीकॅल्क्युलस, हा रस्ता तिच्यासाठी मला बरोबर वाटतो. कौन्सेलर बाईंनी दोन वर्षांचं सांगितलं ते खोटं नाहीये, पण ते फक्त शाळेतून बाहेर पडण्यापुरतं आहे, आणि तुमची मुलगी शाळेतून बाहेर पडून कुठेतरी जाणार आहे ना, तिथे आत घ्यायचा नियम वेगळा आहे.

ते नीट समजून घ्या, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. कॅलिफोर्निया राज्याचा नियम असा की नववी ते बारावीत मॅथ्सची किमान २ वर्षं आणि त्यात अल्जेब्रा वनचा अभ्यासक्रम झालेला असला पाहिजे. हे झालं राज्याचं किमान. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट त्यावर स्वतःची भर घालू शकतं आणि बरीच डिस्ट्रिक्ट ३ वर्षं मागतात, तेव्हा पहिलं काम म्हणजे तुमच्या डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ग्रॅज्युएशन रिक्वायरमेंट्सचं पान उघडून बघणं. राज्याची एक्झिट एक्झाम पूर्वी असायची, ती २०१५ साली थांबवली, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेसारखं इथे शेवटी काही नाही, सगळं क्रेडिट आणि ग्रेडवर.

आता कॉलेज. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली, लॉस एंजेलिस, डेव्हिस, सॅन डिएगो वगैरे, आणि सीएसयू म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, सॅन होजे स्टेट, ईस्ट बे वगैरे. या दोन्ही सरकारी सिस्टिम्सची एकच यादी आहे, तिला ए-जी म्हणतात, म्हणजे ए पासून जी पर्यंत सात विषयांचे गट. मॅथ्स हा त्यातला सी गट. तिथे ३ वर्षं पाहिजेत, नुसती कुठलीही तीन नाही तर अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू एवढं सगळं त्यात यायला हवं, आणि ४ वर्षं केलीत तर उत्तम असं यूसी स्वतः सांगते. आणि एक गोष्ट जी आपल्याकडच्या पालकांना कुणी सांगतच नाही: प्रत्येक सेमिस्टरला ग्रेड सी किंवा त्याच्यावर लागते. डी आली तरी शाळा क्रेडिट देते, ग्रॅज्युएशन होतं, गाऊन घालून फोटो निघतो, पण ए-जी मध्ये ती डी मोजली जात नाही. आपल्या डोक्यात पस्तीस मार्क म्हणजे पास हे इतकं पक्कं बसलेलं असतं की ट्रान्सक्रिप्टवर (म्हणजे सगळ्या वर्षांच्या ग्रेडच्या अधिकृत कागदावर) डी बघून आईवडील म्हणतात ठीक आहे, निघाली बाई, आणि बारावीच्या नोव्हेंबरमध्ये फॉर्म भरताना कळतं की ते सेमिस्टर धरलंच जाणार नाही. मला या गोष्टीचा फार त्रास होतो, कारण दहावीतच कळलं असतं तर समर स्कूलला तेवढं सेमिस्टर परत करता आलं असतं. मॅथ्समध्ये थोडी सूट आहे, वरच्या लेव्हलचा कोर्स सी ने पास केला तर खालची अल्जेब्राची डी भरून निघू शकते, त्याला व्हॅलिडेशन म्हणतात. पण जॉमेट्री मुळात केलीच नाही तर ती उणीव वरचा कोर्स करून भरून निघत नाही. जॉमेट्री स्वतंत्र किंवा इंटिग्रेटेड कोर्समधून करावीच लागते.

आता हिशोब मांडून बघा. तिच्याकडे दहावी, अकरावी, बारावी अशी तीन वर्षं आहेत. कौन्सेलरचं ऐकलं तर अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, कागदोपत्री ए-जी पूर्ण, पण एकही वर्ष हाताशी उरत नाही. कुठे एक सेमिस्टर घसरलं, किंवा जेटलॅग, नवीन भाषा, नवीन मित्र या सगळ्यात पहिलं सेमिस्टर बिघडलं (आणि बिघडतं, हुशार मुलांचंही बिघडतं), तर सगळी साखळी पुढे सरकते. शिवाय बारावीला अल्जेब्रा टू म्हणजे अर्ज करताना कॉलेजला दिसणार की ही मुलगी अजून तिथेच आहे. सायकॉलॉजीला चालेल, पण उद्या तिचं मन बदललं, इकॉनॉमिक्स किंवा बिझनेस किंवा कॉग्निटिव्ह सायन्स आवडलं तर तिथे पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस असतो आणि ती दोन पायऱ्या मागे असणार. पंधरा वर्षांच्या मुलीचं मन बदलणार नाही असं आपण कशाला धरून चालायचं.

मग कौन्सेलर अल्जेब्रा वन का सांगतात? त्यांचा दोष नाहीये हो. एकेका कौन्सेलरकडे कित्येक शे मुलं असतात आणि तुमच्या मार्कलिस्टवर लिहिलेलं असतं फक्त 'मॅथेमॅटिक्स'. इथल्या पारंपरिक पद्धतीत एक वर्ष बीजगणित, मग एक वर्ष भूमिती, मग परत बीजगणित असं वेगवेगळं असतं, आणि आपल्याकडे नववीत सगळंच थोडं थोडं. स्टेट बोर्डाचं असलं तरी भाग एक आणि भाग दोन एकाच वर्षात शेजारी शेजारी चालतात. त्यामुळे 'तुझी अल्जेब्रा वन झाली का' या प्रश्नाला तुमची मुलगी ना हो म्हणू शकते ना नाही. आणि 'नाही माहीत' म्हटलं की सगळ्यात खालचा वर्ग मिळतो.

म्हणून तिला खरंच काय येतं हे आपण दाखवायचं. सीबीएसईच्या नववीत पॉलिनॉमिअल्स झालंय, दोन चलांतली रेषीय समीकरणं झालीयेत, कोऑर्डिनेट जॉमेट्रीची ओळख, त्रिकोणांची एकरूपता, चौकोन, वर्तुळ, पृष्ठफळ घनफळ, स्टॅटिस्टिक्स. अल्जेब्रा वनचा मोठा भाग यात येतो. राहतं काय ते एका उदाहरणाने सांगते. प्लेसमेंट टेस्टमध्ये असा प्रश्न हमखास असतो: एफ ऑफ एक्स बरोबर दोन एक्स स्क्वेअर वजा आठ एक्स अधिक सहा. एफ ऑफ ३ किती, ग्राफचा व्हर्टेक्स (वक्र जिथे वळतो तो बिंदू) कुठे, आणि एक्सच्या कुठल्या किमतींना फंक्शन ऋण आहे? पुण्याहून आलेली मुलगी पहिला भाग डोळे मिटून करते, कारण नववीत पी ऑफ एक्स म्हणून हेच केलेलं असतं, ३ घातले की शून्य येतं, म्हणजे एक्स वजा ३ हा अवयव, दुसरा अवयव एक्स वजा १, झालं. आणि मग व्हर्टेक्सपाशी पेन थांबतं. पॅराबोला तिने काढलेलाच नसतो. खरं तर तिच्या हातात सगळं असतं: मुळं १ आणि ३, मधोमध २, तिथे किंमत वजा २, म्हणजे व्हर्टेक्स २ आणि वजा २, आणि ग्राफ १ ते ३ च्या दरम्यान एक्स अक्षाच्या खाली. पंधरा मिनिटं शेजारी बसून दाखवलं की तिला कळतं. तेवढ्यासाठी आख्खं वर्ष अल्जेब्रा वनमध्ये बसवणं म्हणजे जे येतं तेच परत वर्षभर करायला लावणं, आणि कंटाळलेल्या मुलीची ग्रेडसुद्धा घसरते, हे मी पुन्हा पुन्हा बघते.

तसंच एक्सपोनेन्शिअल फंक्शनचं. ५०० डॉलर दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढतात, समीकरण लिहा आणि ग्राफ काढा. तिने आठवीत चक्रवाढ व्याज केलंय, सूत्र तेच आहे, फक्त त्याच्याकडे फंक्शन म्हणून कधी बघितलेलं नाही. बाकी इनइक्वॅलिटीचा ग्राफ, ॲब्सोल्यूट व्हॅल्यू, स्लोपवरून रेषेचं समीकरण, आणि वर्गसमीकरणं सोडवायच्या तीन पद्धती. वर्गसमीकरणं सीबीएसईत दहावीला आहेत, म्हणजे तेवढी तिची खरंच राहिलीयेत. आता मे-जून-जुलै हातात आहेत. खान अकॅडमीवर अल्जेब्रा वनचा आख्खा कोर्स फुकट आहे, तिने प्रत्येक युनिटची टेस्ट आधी द्यावी, जिथे अडेल तेवढंच शिकावं, सगळे व्हिडिओ बघत बसू नये. रोज तासभर पुरतो.

मग तुम्ही विचाराल की एवढं येतं तर सरळ अल्जेब्रा टू का नको, जॉमेट्री तर आपल्याकडे झालीच आहे. इथे मी ठाम नाही म्हणेन. एक तर वर सांगितलेला ए-जी चा नियम. दुसरं म्हणजे इथली जॉमेट्री ती नाही. आपण बाबाबा, बाकोबा, कोबाको या कसोट्या लावून एकरूपता सिद्ध करतो. इथे सुरुवात ट्रान्सफॉर्मेशनपासून होते, आकृती सरकवली, फिरवली, आरशात उलटवली आणि एकावर एक बसली तर एकरूप, मग त्यावरून कसोट्या. मग टू कॉलम प्रूफ, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. ते तिला जमेल, पक्ष-साध्य-सिद्धता लिहिण्याची सवय आपल्या मुलांना असते आणि माझ्या वर्गात ती या बाबतीत बाकीच्यांपेक्षा पुढे असतात. पण समरूपता, ट्रिगोनोमेट्री, वर्तुळाच्या स्पर्शिका हे सगळं सीबीएसईत दहावीचं आहे, म्हणजे तिचं झालेलंच नाही, आणि अल्जेब्रा टू मध्ये ट्रिगचे ग्राफ येतात तेव्हा सगळे धरून चालतात की साइन कोसाइन माहितीये. आणखी एक, जॉमेट्रीच्या वर्षात तिला इथली शाळा कळेल. होमवर्क, क्विझ, प्रोजेक्ट सगळं रोजच्या रोज ग्रेडमध्ये जातं, शेवटच्या परीक्षेआधी महिनाभर झपाटून अभ्यास केला तर काही होत नाही. इंच, फूट, मैल हेही त्याच वर्षी अंगवळणी पडतं.

तिची खूपच तयारी असेल आणि तिला स्वतःला (तुम्हाला नव्हे, तिला) पुढे जायचं असेल तर जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू दहावीत एकत्र घेता येतात, बऱ्याच शाळा परवानगी देतात. किंवा दहावीनंतरच्या उन्हाळ्यात एक कोर्स. यूसीचाच यूसी स्काउट नावाचा ऑनलाइन प्रोग्रॅम आहे, त्याचे कोर्स ए-जी मान्यताप्राप्त आहेत. पण पैसे भरण्याआधी शाळेकडून ईमेलवर लेखी घ्या की हे क्रेडिट तुम्ही ट्रान्सक्रिप्टवर घ्याल आणि पुढच्या वर्गात बसू द्याल. तोंडी 'शुअर, शुड बी फाइन' वर जाऊ नका.

काही डिस्ट्रिक्टमध्ये अल्जेब्रा-जॉमेट्री अशी नावंच नसतात, मॅथ वन, मॅथ टू, मॅथ थ्री असतं. त्याला इंटिग्रेटेड म्हणतात, आणि ते आपल्यासारखंच, दरवर्षी सगळं थोडं थोडं. तुमचं डिस्ट्रिक्ट तसं असेल तर आनंदाची गोष्ट आहे, तिला मॅथ टू मध्ये बसवा, वरचं सगळं तसंच लागू, आणि जॉमेट्रीचा ए-जी चा प्रश्नही तीन वर्षांत आपोआप सुटतो. फक्त नंतर घर बदलून पारंपरिक पद्धतीच्या डिस्ट्रिक्टमध्ये जाऊ नका, मॅथ टू अर्धवट झालेल्या मुलांना तिकडे कुठे बसवायचं हा मोठा घोळ होतो. भाड्याचं घर शोधताय तर हे आत्ताच बघून घ्या.

कौन्सेलरकडे जाताना काय न्यायचं. सातवी ते नववीच्या मार्कलिस्ट, शाळेच्या शिक्क्यासह. नववीच्या एनसीईआरटी पुस्तकाची अनुक्रमणिका, तीही इंग्रजीत, एनसीईआरटीच्या साइटवर पीडीएफ फुकट मिळते. जमलं तर पुण्याच्या मॅथ्स टीचरकडून लेटरहेडवर चार ओळी की वर्षभरात काय काय शिकवलं, हे निघायच्या आधी घ्या, इथून मागवायला महिने जातात. तिची एखादी वहीसुद्धा न्या, मी स्वतः वही बघून कितीतरी जास्त सांगू शकते. आणि ईमेलमध्ये एवढंच विचारा: डिस्ट्रिक्टची मॅथ प्लेसमेंट पॉलिसी कुठे मिळेल, ती प्लेसमेंट टेस्ट देऊ शकते का, आणि तिचं नववीचं गणित ट्रान्सक्रिप्टवर किती क्रेडिटचं आणि कुठल्या नावाने लिहिणार. कॅलिफोर्नियाने २०१५ साली कायदा केला की नववीत येणाऱ्या मुलांच्या मॅथ प्लेसमेंटचं धोरण उघड आणि वस्तुनिष्ठ असलं पाहिजे आणि शाळा सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात परत तपासणी झाली पाहिजे. तो कायदा नववीसाठी आहे, तुमची मुलगी दहावीत, पण धोरण वेबसाइटवर असतंच आणि त्याचा दाखला देऊन नम्रपणे विचारलं तर बहुतेक कौन्सेलर ऐकतात. भांडायला जाऊ नका, पुढची तीन वर्षं तिचा प्रत्येक कागद त्याच टेबलावरून जाणार आहे.

आणि हो, नंतर यूसीचा फॉर्म भरताना पुण्याचे मार्क मार्कलिस्टवर आहेत तसेच लिहायचे, स्वतःच्या मनाने त्याचे ए-बी करायचे नाहीत. यूसी जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, काढते तो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ग्रेड्सवर, म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत इथली दोन वर्षं सगळं ठरवणार. म्हणूनच मी म्हणते की झेपणाऱ्या वर्गात ए आणणं हे न झेपणाऱ्या वर्गात सी आणण्यापेक्षा तिच्या जास्त कामाचं आहे. एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) तर यूसी आणि सीएसयू बघतच नाहीत आता.

आता कॅल्क्युलस बीसीवाल्यांबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीत, ते त्यांच्या मुलांबद्दल बोलतायत. त्यांची मुलं सहावीपासून ॲक्सेलरेटेड ट्रॅकवर, म्हणजे एक-दोन वर्षं पुढच्या मॅथ्सवर आहेत, आठवीत जॉमेट्री झालेली, त्यांना कॉम्प्युटर सायन्स हवंय. ज्याला इंजिनिअरिंग किंवा फिजिक्स करायचंय त्याने हायस्कूलमध्ये कॅल्क्युलस करावाच, बीसी जमला तर फारच चांगलं. सायकॉलॉजीला जाणाऱ्या मुलीला रोज लागणार आहे ते स्टॅटिस्टिक्स. सॅम्पल, बायस, पी-व्हॅल्यू, दोन गोष्टी एकत्र घडतात म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असं नाही, हे तिला पहिल्या वर्षापासून लागेल. त्यामुळे बारावीला एपी स्टॅटिस्टिक्स (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) माझ्या मते तिच्यासाठी कॅल्क्युलसपेक्षा उपयोगी, आणि एपी असल्यामुळे यूसीच्या हिशोबात कठीण कोर्स म्हणूनही दिसतं. मन डिझाईनकडे वळलं आणि त्यातही आर्किटेक्चर किंवा प्रॉडक्ट डिझाईन असेल तर मात्र प्रीकॅल्क्युलस घ्या, कारण तिथे पुढे कॅल्क्युलस आणि फिजिक्स येतं. दोन्हींची हौस असेल तर काही शाळांत दोन्ही एकाच वर्षी घेता येतात, जॉमेट्रीच्या पहिल्या सेमिस्टरला तिला किती जड जातंय ते बघून मग ठरवा.

एका कोर्सबद्दल आवर्जून सांगते, डेटा सायन्स. अल्जेब्रा टू ऐवजी डेटा सायन्स घे, सोपं आहे आणि मॉडर्न आहे असं मुलं एकमेकांना सांगतात. काही वर्षं यूसीने ते चालवूनही घेतलं, पण २०२३ मध्ये यूसीच्या प्राध्यापकांच्या समितीने ते बंद केलं. अल्जेब्रा टू झाल्यावर चौथा कोर्स म्हणून घ्यायला हरकत नाही, बदली म्हणून नाही.

आयटीतल्या लोकांचं प्रोजेक्ट कधी संपेल सांगता येत नाही, म्हणून बाकी राज्यांचंही थोडं. टेक्सासला गेलात तर तिथे साधं ग्रॅज्युएशन मॅथ्सच्या ३ क्रेडिटवर होतं आणि त्यात अल्जेब्रा टू सक्तीचं नाही, पण डिस्टिंग्विश्ड लेव्हलला ते लागतं, आणि ती लेव्हल नसेल तर वर्गात वरच्या नंबरात असलेल्यांना सरकारी विद्यापीठांत आपोआप मिळणारा प्रवेश हातचा जातो. न्यू जर्सीत मॅथ्सचे १५ क्रेडिट, म्हणजे ३ वर्षं, अल्जेब्रा वन, जॉमेट्री आणि त्यावर आधारलेला तिसरा कोर्स, शिवाय अकरावीला राज्याची परीक्षा. बघा, तिन्हीकडे जॉमेट्री आणि अल्जेब्रा टू झालेली मुलगी अडत नाही.

आणि समजा एवढं करूनही एखादं वर्ष बिघडलंच, तर कम्युनिटी कॉलेजचा रस्ता आहे. डी ॲन्झा, फूटहिल, ओलोनी इथून दोन वर्षांनी यूसीला ट्रान्सफर होणारी मुलं भरपूर आहेत आणि त्यांची डिग्री बाकीच्यांसारखीच असते. हायस्कूलमध्ये असतानाही तिथे एखादा क्लास घेता येतो, पार्ट टाइम घेतला तर एनरोलमेंट फी माफ असते, आणि कॉलेजचा एका सेमिस्टरचा मॅथ्स कोर्स ए-जी मध्ये एका वर्षाचा धरतात.

शेवटचं, महागडा ग्राफिंग कॅल्क्युलेटर तिकडून निघण्याआधी किंवा इथे आल्या आल्या विकत घेऊ नका. बऱ्याच वर्गांत डेस्मॉस नावाचं ग्राफ काढायचं ॲप चालतं, ते फुकट आहे, आणि जिथे टीआय-८४ लागतो तिथे शाळा अनेकदा वर्षभरासाठी वापरायला देते, पहिल्या आठवड्यात टीचरना विचारून मग काय ते ठरवा. डेस्मॉस मात्र आजच फोनवर टाका आणि वर दिलेलं ते एफ ऑफ एक्स तिला त्यात काढून बघायला सांगा.